कुसाबाईने काशीत काय सोडले

केरूने हरभऱ्याच्या डाळीचा पत्र्याचा डबा सरळ गिरणीवरच्या रांगेच्या पुढे नेऊन ठेवला, आणि मग एक पाऊल मागे सरून मान खाली घातली. अंगावर गार पाणी पडणार हे पक्के ठाऊक असलेला माणूस जसे खांदे आवळून उभा राहतो, तसा तो उभा राहिला.

रांगेतल्या बायकांचे बोलणे थांबले. पहिला नंबर छायाचा होता. तिच्या हातात राजगिऱ्याची पिशवी होती, उद्या एकादशी होती, आणि राजगिऱ्याच्या आधी गिरणीत हरभरा पडला तर त्या पिठाचे थालीपीठ खाऊन छायाला काय पुण्य लागणार, हे पंचवटीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिले. स्टुलावर कुसाबाई पीठ चाळत बसली होती. तिने मान वर केली, डब्याकडे पाहिले, केरूकडे पाहिले.

"असू द्या," ती म्हणाली. "घाईत असंल बिचारा."

तिचा नवरा पुंजाराम गिरणीच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. डबा उचलून पुन्हा मागे न्यावा की काय, असा विचार केरूच्या तोंडावर दिसला. पण केरूचा भज्यांचा गाडा होता, आणि तो धंदा फार विचार करणाऱ्याचा नव्हे. त्याने डाळ ओतली. छाया पिशवी घेऊन घरी गेली. उद्याला साबुदाणा करू, म्हणाली, पण ते कुसाबाईकडे पाहून नव्हे. पुंजारामकडे पाहून म्हणाली.

हे गेले काही महिने असेच चालले होते.

पुंजाराम मूळचा चांदवडकडचा. लग्न झाले त्या वर्षी नाशकात आला आणि पंचवटीतल्या एका बोळात त्याने पिठाची गिरणी टाकली. खाली गिरणी, वर दोन खोल्या. गिरणी चालू असताना 'चहा घ्या' हेसुद्धा ओरडून सांगावे लागते, त्यामुळे या जोडप्याचा संसार सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत लागला. पुढे गिरणी बंद असतानाही कुसाबाईचा आवाज खाली आला नाही. बोळात नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटे की गिरणीवाल्यांकडे भांडण चालले आहे. निम्म्या वेळा त्याचे बरोबर असे.

कामाची वाटणी साधी होती. दळायचे पुंजारामने, रागवायचे कुसाबाईने. त्याला बोलावे लागतच नसे. एका घराला एवढे बोलणे पुरते. बाजरीच्या पाठीवर गहू टाकायचा नाही, एकादशी-चतुर्थीच्या आदल्या सकाळी आधी उपवासाचे दळण, मग बाकीचे, हे नियम कुठे पाटीवर लिहिलेले नव्हते. ते कुसाबाईच्या घशात होते. कोणी पुढे घुसला की तिथून ते बाहेर पडत, आणि त्या माणसाच्या आजोबांपासून सुरुवात होऊन तिरडीवर संपत. 'तिरडी बांधली तुझी' हा कुसाबाईचा पूर्णविराम होता. तिने भाजीवाल्याची तिरडी बांधली होती, लाइट घालवणाऱ्या वायरमनची बांधली होती, पोटच्या दीपकची तर तो शाळेत जाई तेव्हापासून बांधत आली होती. नवऱ्याची दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ. मात्र घरचे वळण असे की नवऱ्याची तिरडीसुद्धा तिने कधी आदर सोडून बांधली नाही. "तिरडी बांधली तुमची, जेवायला या," असे ती जिन्यावरून ओरडे, आणि पुंजाराम हात झटकत जेवायला जाई.

मागच्या श्रावणात तिचा धाकटा भाऊ फकिरा गेला. कांद्याच्या चाळीत उभ्या उभ्याच छातीत कळ आली. त्यानंतर ती जराशी गप्प होती, म्हणून दीपकने पुण्याहून पैसे भरून दोघांना बोळातल्या मंडळींबरोबर काशीयात्रेला धाडले.

काशीला गेले की आपल्या आवडीचे काहीतरी कायमचे सोडून यायचे, असे आपल्याकडे आहे. धर्म सांगतो ते एवढेच. काय सोडायचे ते माणूस ठरवतो, आणि माणूस हुशार असतो. बोळातल्या एकाने पडवळ सोडले, एकीने शेपू. मधुमेहाच्या एका गृहस्थांनी मोठ्या मनाने जिलबी सोडली. काशीला आजवर आपल्या लोकांनी अर्पण केलेली पडवळे एकत्र केली तर विश्वनाथाला पुढची काही युगे दुसरी भाजी आणायला नको. पुंजारामने कारले सोडले. लहानपणी एकदा जबरदस्तीने खाल्ले होते, त्यानंतर कारल्याचा आणि त्याचा संबंध आला नव्हता. तो आता धर्माच्या साक्षीने तोडून टाकला.

शेजारी कुसाबाई गुडघाभर गंगेत उभी होती. तिने ओंजळीत पाणी घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मी राग सोडला."

सगळे हसले. पडवळवाले तर इतके हसले की त्यांचा चष्मा गंगेत पडता पडता वाचला. परतीच्या गाडीत इटारसीला एका बाईने अख्खा कप चहा कुसाबाईच्या नव्या पातळावर सांडला. डबाभर माणसे कान टवकारून बसली. कुसाबाईने पदर झटकला. "असू द्या," म्हणाली, "धुतलं की जाईल." त्यानंतर कोणी हसले नाही.

आता कुसाबाईचा राग गेल्याने जगाचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. फायदाच झाला. सून सायली, जी दिवाळीलासुद्धा परतीचे तिकीट आधी काढून मग यायची, ती दर महिन्याला येऊ लागली. दीपक व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, आई काय मस्त वाटतेय हो. तुम्हीपण जरा शिका तिच्याकडून." ज्याने उभ्या जन्मात कोणाला 'अरे' म्हटले नव्हते, त्या पुंजारामने मान डोलावली.

बोळाला सुरुवातीला गंमत वाटली, मग सोय वाटली. केरू वाटेल तेव्हा डाळ आणू लागला. ज्यांची बाजरी होती ते गव्हाच्या आधी टाकून मोकळे होऊ लागले. पोळ्या काळपट येऊ लागल्या, उपवासाच्या पिठात कसकसले वास येऊ लागले, आणि चार-सहा आठवड्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली की या बोळाचे सगळे उपवास आजवर कुसाबाईच्या रागावर उभे होते. देवाला बहुधा आधीपासून माहीत असावे.

पण पुंजारामचे दुःख पोळ्यांचे नव्हते. त्याचे दुःख असे होते की दुपारी दोन वाजता जिन्यावरून आता "ताट वाढलंय" एवढेच ऐकू येई, तेही हळू. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याला गिरणीचा आवाज ऐकू येऊ लागला. फार कर्कश होता.

एकदा तरी तिने आपल्याला पूर्वीसारखे झापावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने एकट्यानेच खटपट सुरू केली. ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला. तिने उचलून वाळत घातला. पिठाच्या पायांनी देवघरापर्यंत जाऊन आला. तिने फडके मारले. जेवताना सहज म्हणाला की छायाच्या हातची भाकरी काय पातळ असते. पूर्वी या वाक्यावर त्याचे दोन दिवस नीट गेले असते. कुसाबाई म्हणाली, "असंल. तिचा हात हलका हाय."

शेवटी त्याने शेवटचे अस्त्र काढले. भाजीबाजारातून अर्धा किलो कारली आणून ओट्यावर ठेवली आणि भाजी कर म्हणाला. कुसाबाईने कारल्यांकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि विळी घेतली. ताटात भाजी पडली. त्याने खाल्ली. पुन्हा मागितली. डोळ्यांत पाणी आले तरी थांबला नाही. काशीचा शब्द तो तिच्या डोळ्यांदेखत मोडत होता, घासाघासाने.

"तुम्ही हे सोडलं होतं ना?" तिने विचारले.

"मोडलं," तो म्हणाला, आणि वाट पाहिली.

"देव समजून घेईल," असे म्हणून कुसाबाईने आणखी दोन फोडी वाढल्या.

एवढा अधर्म करूनही बाईला राग येत नसेल तर माणसाने करावे काय? पुंजाराम दुसऱ्या दिवशी तोंडाचा कडूपणा घेऊनच नदीवर गेला.

सोमनाथगुरुजी नदीकाठी लोकांचे विधी करत आणि त्यांचे दळण पुंजारामकडे येई, त्यामुळे दोघांचाही एकमेकांवर अर्धा अर्धा विश्वास होता. पुंजारामने आधी कारल्याचे सांगितले. गुरुजींना ते काहीच वाटले नाही. कारले मोडणारे वर्षाला पुष्कळ येतात, म्हणाले, एक स्नान करा, मनात क्षमा मागा, झाले. मग पुंजाराम चपलेच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, काशीत सोडलेला राग परत आनायचा काही विधी हाय का?"

गुरुजींनी मोबाइल खाली ठेवला.

"पुंजारामभाऊ," ते म्हणाले, "माझ्याकडे लोक बायकोचा राग शांत व्हावा म्हणून येतात. ग्रहांची शांती आहे, नक्षत्रांची आहे. राग परत आणायचं कुठल्या पोथीत नाही. आणि सोडला काशीत, तो नाशकात कसा मिळेल? हद्द वेगळी पडते."

पुंजारामने मान हलवली. हद्दीचा मुद्दा त्याला पटला. एसटीत, तालुक्यात, कचेरीत सगळीकडे असेच असते.

"पण का सोडला?" गुरुजींनी विचारले.

पुंजारामला प्रश्नच विचित्र वाटला. शेपू का सोडली हे कोणी विचारते का? सोडली म्हणजे सोडली.

"विचारलं नाहीत?" गुरुजी हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. "आधी ते विचारा. त्याला दक्षिणा लागत नाही."

सोमवारी गिरणी बंद असे. दुपारी पुंजारामने वरचा दगड काढून उलटा केला आणि त्याला टाकी लावायला बसला. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग धान्य नुसते घरंगळते; छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरबरीत करावा लागतो. पुंजाराम ठोके घाली आणि कुसाबाई समोर बसून केरसुणीने कपच्या झाडी. हे काम दोघे पहिल्यापासून मिळून करत आले होते. पूर्वी तेवढ्या वेळात ती निम्म्या पंचवटीचा समाचार घेई. आता फक्त छिन्नी वाजत होती.

"कुसा," तो दगडाकडे पाहत म्हणाला, "राग कशापायी सोडला तू?"

केरसुणी थांबली. त्याला वाटले ती उठून जाईल. ती उठली नाही. सांगू लागली, पण त्याला नव्हे, दगडाला सांगावे तसे.

फकिराच्या पोरीच्या लग्नाचे तिने काढले. फकिराने सगळ्या जगाला निमंत्रण मोबाइलवर धाडले आणि त्याच रांगेत बहिणीलाही धाडले. नवरीच्या सख्ख्या आत्याला. अक्षता नाहीत, कुंकू नाही, घरी येणे नाही. एक चित्र, त्यात वाजणारी सनई. कोणीतरी कान उपटल्यावर लग्नाच्या तोंडावर तो नारळ आणि पातळ घेऊन धावत आला. गिरणी भरलेली होती. त्याने सगळ्यांसमोर पायांवर डोके ठेवले. पुंजारामला ते आठवत होते. ती काय बोलली तेही त्याने तेव्हा ऐकले होते, पण ती तसले दिवसभर बोलत असे, आणि त्याच्या हातात कोणाचे तरी गरम पीठ होते.

"तुझी तिरडी उचलंल तवाच तुझ्या दारात पाय ठेवीन, म्हनले मी त्याला," कुसाबाई म्हणाली. "लग्नाला गेले नाय. आन् मंग गेले ते कधी? आठवतं ना? मला पोचायला उशीर झाला, तर माझ्यासाठी थांबून राह्यले व्हते सगळे. मी उंबऱ्यात पाय ठेवला न् उचलली. शब्दाला शब्द."

पुंजारामने छिन्नी खाली ठेवली. फकिराला शुगर होती, तंबाखू होती, डॉक्टरने दोनदा सांगून त्याने गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे सगळे त्याने एकामागून एक सांगितले. एवढे तो एका बैठकीत कधीच बोलला नव्हता. कुसाबाईने सगळे ऐकून घेतले. मलाबी ठावं हाय, म्हणाली. ठावं असून काय करू?

मग त्याला एकदम खात्रीचा मुद्दा सापडला. इतका खात्रीचा की तो पुढे सरकून बसला.

"अगं, माझी तू रोज बांधत व्हती. सकाळी एक, संध्याकाळी एक. लगीन झाल्यापासून. मंग? हाय ना मी हा समोर? काळी जीभ असती तर मी राह्यलो असतो का?"

कुसाबाईने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले.

"तुमची मनातनं कधी बांधलीच नव्हती," ती म्हणाली. "त्याची मनातनं बांधली."

पुढे सरकलेला पुंजाराम पुन्हा मागे सरला. या मुद्द्याला उत्तर असते, पण ते शिकलेल्या माणसांकडे असते आणि तेही दुसऱ्याला सांगण्यापुरते.

"आता जीभ काळी हाय का नाय, ते कोनावर धरून पाहू?" कुसाबाई केरसुणी हातात फिरवत म्हणाली. "दीपक लांब हाय. म्हनायला तुम्ही एकटेच राह्यले."

ती पुन्हा कपच्या झाडू लागली. त्याने छिन्नी उचलली. उरलेल्या दगडाला टाकी लावून होईपर्यंत दोघे आपापले काम करत राहिले. फक्त एकदा, त्याच्या भुवईवर दगडाची भुकटी बसली होती ती तिने पदराने पुसली, आणि एकदा त्याने ठोका चुकवून स्वतःचे बोट ठेचले. पूर्वी यावर अर्धा तास निघाला असता. कुसाबाई हळद घेऊन आली.

त्या आठवड्यात पुन्हा एकादशी आली. आदल्या सकाळी छाया वऱ्याचे तांदूळ घेऊन पहिली उभी होती, मागे चार-पाच जणी होत्या, आणि केरू आला. आता तो खांदेही आवळत नसे. मोबाइल कानाला लावूनच त्याने डबा पुढे सरकवला.

पुंजारामचा हात बटणावर होता. गिरणी चालू होती. त्याने ती बंद केली. पट्टा फिरून फिरून थांबला, आणि रांगेला वाटले लाइट गेली.

"केरू," पुंजाराम म्हणाला. आवाज असा निघाला की जणू औषधाच्या दुकानात गोळी मागतोय.

"हां, मामा?" केरूने मोबाइल कानावरून काढला.

पुंजारामला पुढचे येईना. मनात सगळे होते. एवढ्या वर्षांचे साठलेले होते. पण ऐकलेले निराळे आणि तोंडात येणे निराळे. त्याने दोनदा घसा साफ केला. रांग त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"तुज्या बापाची जहागीर," मागून कोणीतरी हळू म्हणाले.

पुंजारामने वळून पाहिले. कुसाबाई स्टुलावर बसून पीठ चाळत होती. डोळे चाळणीत होते. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. शेजारणीला लोणच्याचे प्रमाण सांगावे, तसे तिने सांगितले होते.

"तुज्या बापाची जहागीर हाय का गिरणी?" पुंजाराम म्हणाला.

केरूचे तोंड उघडे राहिले.

"ह्या बाया काय," मागून आले.

"ह्या बाया काय..." पुंजाराम अडला, पुन्हा वळला.

"तुजी वरात पाहायला उभ्या हायेत का," कुसाबाईने पुरवले.

"तुजी वरात पाहायला उभ्या हायेत का?" आता त्याचा आवाज बरा लागला होता. छायाने पदर तोंडाला लावला. "घरी उपास हायेत लोकांचे. भजी काय पळून चालली का तुजी? उचल तो डबा. उचल, नायतर..."

इथे तो थांबला. पुढचे काय ते रांगेतल्या प्रत्येकीला पाठ होते. केरूनेही सवयीने मान खाली घातली होती आणि तो त्याचीच वाट पाहत होता. पुंजारामने मागे पाहिले.

चाळणी थांबली होती. कुसाबाईने मान वर केली, आणि अगदी थोडी, पाहणाऱ्याला दिसेल न दिसेल एवढी, नकारार्थी हलवली.

पुंजाराम पुन्हा रांगेकडे वळला. त्याने डब्याकडे नुसते बोट केले. मग केरूने डबा उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला, छायाने वऱ्याचे तांदूळ ओतले, आणि पुंजारामने बटण दाबले.